सरईच्या खांबाला बांगड्या

कोळसा काढून झाला, राख टाकून झाली, पाणी अडवून झालं, की मग मला फोन यायचा. “दीदी, हराभरा करना है.” बस, एवढंच. कुठे आणि कशावर, ते तिथे गेल्यावर कळायचं.

माझी रोपवाटिका होती. रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या पुढे, आता जिथे काचेच्या इमारती आहेत ना, तिथे तेव्हा धानाची शेतं होती आणि सकाळच्या धुक्यातून बगळे थेट माझ्या वाफ्यांत उतरायचे. झाडांचं शिक्षण म्हणाल तर काही नाही. वडील वर्ध्याकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले. शाळा माझी हिंदीतून झाली, मराठी घरातली. लग्नानंतर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत कढीलिंबाची रोपं करायला लागले, ती शेजारणी घेऊन गेल्या, मग पपई, मग करंज, असं करता करता एक दिवस एक ठेकेदार ट्रक घेऊन दारात उभा राहिला. आमचे हे उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये होते. घरी आले की अंगावरची लोखंडाची धूळ झटकत म्हणायचे, “लोक पुढं कारखाने लावून राहिले, अन् तू त्यायच्या मागं झाडू घेऊन चालली.”

“कोणीतरी मागून गेलंच पाहिजे ना,” मी म्हणायची. “तुमच्या मिलला वीज लागते, ती काय आभाळातून पडते?”

तेव्हा पडत नव्हती. आता पडते. त्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई कुठून कुठे चालली.

उघड्या खाणीत माती उलटी होते. वरची काळी माती सगळ्यांत आधी निघते ती खाली गडप होते, आणि जमिनीच्या पोटातला दगड सगळ्यांत शेवटी निघतो तो वर बसतो. त्याचा डोंगर होतो. काल डोंगर नव्हता, आज आहे, आणि त्याच्या शेजारी तेवढाच खड्डा. त्या डोंगरावर झाड लावायचं म्हणजे दगडाला समजवायचं काम. राखेचं आणखी वेगळं. वीजघरातली राख पाण्यातून आणून बांधात सोडतात, ती सुकली की दिसते एकदम मऊ, पिठासारखी. वैशाखात त्यावर अनवाणी उभं राहा, मग कळेल. त्यावर मातीचा थर टाकून आम्ही रोपं लावायचो. मुळं माती संपेपर्यंत सरळ खाली जायची आणि राख लागली की वळायची. मेलेलं रोप उपटून पाहिलं की तळाशी मूळ वाकलेलं, जसं कोणी चुकीच्या घराच्या दारातून परत फिरावं.

ठेकेदाराला घाई असायची. साहेब पाहणीला यायच्या आत हिरवं दिसलं पाहिजे. मग सुबाभूळ द्या, कासोद द्या, जे भराभर वाढेल ते द्या. मी म्हणायची, थोडा मोह लावू, थोडा तेंदू, थोडी चारोळी. लोक म्हणायचे, दीदी, मोहाला फूल यायला माणूस म्हातारा होतो. खरंच होतं ते. मी सुबाभूळ दिली. आज विमानातून पाहिलं तर तिथे जंगल दिसतं म्हणतात. पण त्या जंगलात खाली वाकून उचलावं असं काही पडत नाही. मोहाचं फूल नाही, चारोळी नाही. हिरवा पडदा आहे तो. एवढी एक रुखरुख आहे मनात.

धरणाकडेही गेले. तिथे धूर नाही, राख नाही, हवा कशी धुतल्यासारखी. काठावर लावायला जांभूळ आणि अर्जुन घेऊन गेले होते. एक म्हातारा माझ्यासोबत बसून पाण्याकडे पाहत होता. म्हणाला, तिथं, ते पाणी थोडं वेगळं चमकतं ना, त्याच्या खाली आमचा आंबा आहे. मी पाहिलं तर मलाही तिथे वेगळं चमकल्यासारखं वाटलं.

मग सूर्याची वीज आली आणि माझं गिऱ्हाईकच उलटं झालं. आधी सगळ्यांना झाड मोठं व्हायला हवं होतं, आता कोणाला व्हायला नको. भाठ्याच्या जमिनीवर, म्हणजे आमच्याकडच्या लाल मुरमाड माळावर, पॅनेलं लागली. कागदावर ती पडीक जमीन, पण गावची गुरं तिथेच चरायची. माझ्याकडे मागणी काय, तर कुंपणाला असं झुडूप द्या जे गुडघ्याच्या वर जाणार नाही आणि बकरी खाणार नाही.

समता कॉलोनीतले एक डॉक्टर तर कमालीचे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडूनच कदंबाचं रोप घेऊन गेले होते, लेकीच्या जन्माच्या आनंदात. आता गच्चीवर पॅनेलं बसवली आणि कदंबाची सावली त्यांवर. आले माझ्याकडे.

“दीदी, तुमच्या झाडाने माझं बिल वाढवलं.”

“डॉक्टरसाहेब, झाड तुमचं. मी फक्त पिशवी दिली होती.”

“असं काही औषध नाही का, की झाड जिवंत राहील पण पसरणार नाही?”

“तुम्ही डॉक्टर आहात,” मी म्हटलं, “माणसासाठी असं औषध निघालं की मला सांगा, झाडाला तेच घालू.”

हसले बिचारे. शेवटी पॅनेलं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. लेक म्हणे रडली होती. त्या लेकीने दोन दिवसांनी मला फोन करून आभार मानले, हिंदीतून. मराठी समजते तिला, बोलताना लाजते.

या सगळ्या जागा आता माझ्या स्वप्नात एकमेकींना जोडलेल्या असतात. मी दगडाच्या डोंगरावरून चालायला लागते, उतार संपतो तिथे राखेची पांढरी जमीन सुरू होते, तिच्यापुढे पाणी, आणि पाण्यावर काळ्या काचेची शेतं. मी त्यांवरून अनवाणी चालते. काच तापलेली नसते. कुठूनतरी बांगड्या वाजतात. जाग आली तरी तो आवाज थोडा वेळ राहतो. ते स्वप्न नाही मात्र. त्या बांगड्या आहेत.

त्यांची गोष्ट सुरू होते सरईच्या बियांपासून. सरई म्हणजे साल वृक्ष, आमच्या छत्तीसगढचं मोठं झाड. त्याच्या बीला पंख असतात. पाऊस येण्याच्या सुमारास ते गिरक्या घेत खाली येतं आणि हट्टी इतकं, की आठवडाभरात मातीत गेलं नाही तर मरतं. साठवून ठेवता येत नाही. म्हणून त्या दिवसांत मी स्वतः टेम्पो घेऊन रायपूरपासून पाच-सहा तासांवरच्या एका गावी जायची. तिथे बाया बी वेचून द्यायच्या आणि मी फिरंतीन दाईच्या ओसरीवर मुक्काम करायची. दाई म्हणजे आई, तिकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. ही दाई उंच, काटक, हातात कायम विळा, आणि बोलणं त्या विळ्यासारखंच.

गावाला तरिया होता, तळं. मी उन्हाळ्यात त्यातला गाळही आणायची, कारण रोपाच्या पिशवीला तलावाच्या गाळासारखी दुसरी माती नाही. त्या तरियात कमळं होती आणि मधोमध सरईचा एक जाडजूड खांब उभा. त्यावर खंड्या बसलेला. मी पहिल्यांदा विचारलं, हा खांब कशाला? दाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुंकू कशाला असं विचारलं होतं.

“बिहाव होगे हे तरिया के,” ती म्हणाली. तळ्याचं लग्न झालंय.

तिकडे तळं नुसतं खोदून चालत नाही. त्याचं लग्न लावतात, मध्ये खांब रोवतात. लग्न न झालेल्या तळ्याचं पाणी गुरं पितील, माणसं भांडी घासतील, पण पूजेला चालत नाही. लग्नाचं पाणी तिथून आणत नाहीत. माणूस गेला की दहाव्या दिवशी सगळं गाव तळ्यावर आंघोळ करतं, दशगात्र म्हणतात त्याला, तेही कुमारिका तळ्यावर होत नाही. आमच्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध, असलं काही आम्ही पाळत नाही. पण त्या संध्याकाळी खांबावरचा खंड्या निळा झाला, मग जांभळा झाला, मग दिसेनासा झाला, आणि मला वाटलं, असेलही बाई लग्न झालेलं. तळं तसंच दिसत होतं, घरातल्या माणसासारखं.

मग गावाखाली कोळसा निघाला. गाव उठलं, दोन कोस पलीकडे नव्या वस्तीत गेलं, पक्की घरं, नळ, सगळं. तरिया खाणीत गेला. जाण्याआधी गावच्या लोकांनी दोर लावून, बैल जुंपून खांब उपटला आणि नव्या वस्तीत आणून दाईच्या ओसरीवर आडवा टाकला. बाया त्यावर बसून भाजी निवडायच्या. तळं नसलेला खांब. मी गेले की मीही त्यावरच बसायची.

वर्षं गेली. तिथला कोळसा संपला, खाण थांबली, खड्ड्यात पाणी भरलं. काय पाणी ते, हिरवं-निळं, स्थिर, तळ कोणाला माहीत नाही. पण वस्तीतले लोक त्याला ‘खदान’च म्हणायचे. लग्नकार्याला, दशगात्राला ते शेजारच्या गावच्या तरियावर जायचे. तिथले लोक नाही म्हणायचे नाहीत, पण काठावर उभे राहून म्हणायचे, चला, लवकर आटपा, आमचीही माणसं यायची आहेत. दाईचा दुसरा नवरा गेला तेव्हा मी तिथे होते. ओल्या लुगड्यात दाई वर आली आणि कोणीतरी बोललं, पाहुण्यांनी पायऱ्यांवर चिखल केला.

परत येताना ती मला म्हणाली, “मोर दशगात्र कोन तरिया मा होही, नोनी?” माझं दशगात्र कोणत्या तळ्यात होणार, पोरी?

तिचे हात तेव्हा रिकामे होते, बांगड्या नुकत्याच फोडलेल्या.

पुढे दोनेक वर्षांनी मला फोन आला. “दीदी, हराभरा करना है.” गेले तर तीच खदान. आता त्या पाण्यावर तराफे टाकून सोलर लावणार होते आणि मला काठाची झाडी करायची होती. कामावरचा इंजिनिअर निघाला यवतमाळकडचा पोट्टा, निखिल. मराठी ऐकून इतका खूष झाला की पहिल्याच दिवशी त्याने मला त्याच्या आईशी फोनवर बोलायला लावलं.

मी दाईला सांगायला गेले. ती ऐकत राहिली. मग खांबावरून उठली.

“सगळं पाणी झाकणार?”

“अर्ध्याहून जास्त.”

“मधलं?”

“मधलं तर पहिलं. तिथेच ऊन चांगलं.”

“म्हणजे लग्न लावायला जागाच नाही राहणार,” ती म्हणाली. “आताच लावायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत साइटवर आली. मागून वस्तीतले बिसाहू आले, पंचांपैकी एक, तोंडात कायम माखूर, म्हणजे तंबाखू. निखिलला मी सगळं मराठीत समजावलं. त्याने डोकं खाजवलं.

“काकू, मले एक सांगा, खांब मधातच काहून पाहिजे? काठावर लावू ना. मी सिमेंटचा ओटा करून देतो, टाइल्स लावून.”

दाईला मराठी समजत नव्हती, पण टाइल्स समजल्या. “याला सांग,” ती म्हणाली, “नवरदेव मांडवाबाहेर उभा करतात का यांच्याकडे?”

निखिल हसला, पण अडचण खरी होती. त्याने समजावलं. एक तर पाण्याला तळ लागत नाही, खांब रोवणार कशात? आणि दुसरं म्हणजे सावली. पॅनेलं एका तारेत ओवलेली असतात, एकावर सावली पडली की सगळी ओळ सुस्तावते. जसं रांगेत एक जण थांबला की मागचे सगळे थांबतात.

आणि तिसरी अडचण बिसाहूंनी काढली, ती सगळ्यांत मोठी. “हा खांब एकदा लागला आहे,” ते म्हणाले. “याचं पाणी मेलं. उतरलेला खांब नव्या पाण्याला कसा चालेल? नवी सरई तोडायला जंगलात परवानगी नाही. आणि नाहीतरी ही खदान आहे. खदानीचं कधी लग्न होतं का?”

पाण्यावरून वारा आला. मला वाटलं, संपलं आता. दाई काठी टेकून उभी होती, तिने तिचं रिकामं मनगट वर केलं.

“महूं ला चूरी पहिराय रिहिन, बिसाहू,” ती म्हणाली. मलाही बांगड्या भरल्या होत्या.

तिकडच्या पुष्कळ समाजांत नवरा गेलेल्या बाईने पुन्हा संसार मांडायचा, तर वरात नाही, मांडव नाही. तो माणूस चार लोकांसमोर तिला बांगड्या भरतो आणि ती त्याच्या घरी जाते. चूरी पहिराना म्हणतात. दाईचा पहिला नवरा तरुणपणीच गेला होता. दुसऱ्याने तिला बांगड्या भरल्या, मुलंबाळं झाली, तोही म्हातारा होऊन गेला.

“माझ्या बांगड्या दोनदा फुटल्या,” दाई म्हणाली. “या लाकडाच्या एकदाच. बांगड्या भरून मी चालले ना तुमच्या गावाला, मग हे लाकूड नाही चालत? एहू ला चूरी पहिरा दव.” यालाही बांगड्या भरा.

बिसाहू माखूर थुंकायला लांब गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, “बरं. पण बुडखा मातीत पाहिजे. अधांतरी खांब मी मानणार नाही. आणि माती आपल्या तरियाची पाहिजे.” त्यांना माहीत होतं, तरियाची माती जगात कुठे उरलेली नाही.

उरलेली होती. माझ्याकडे होती.

सांगितलं ना, मी त्यांच्या तरियाचा गाळ आणायची. शेवटच्या वर्षी आणलेल्या ट्रॉलीतला गाळ मी रोपवाटिकेच्या फाटकाजवळच्या मोठ्या सिमेंटच्या कुंडात भरला होता आणि त्यात माझ्या वडिलांनी नागपूरहून आणलेलं पिंपळाचं रोप लावलं होतं. बोधिवृक्ष म्हणून. वडील गेले, पिंपळ दारात राहिला. गिऱ्हाईक विचारायचे, हा केवढ्याला, मी म्हणायची, हा घरचा आहे.

घरी येऊन यांना सांगितलं. हे चहा पीत होते.

“म्हणजे बाबांचा पिंपळ उखडून राहिली तू? त्यायच्या लग्नासाठी?”

“उखडत नाही. हलवते. तसंही रोपवाटिकेची जागा आता किती दिवस राहते. कुंड फोडून पिंपळाला त्या पाण्याच्या काठावर लावते, आणि त्याच्या मुळांपासून सुटलेली माती खांबाला.”

“जगला नाही तर?”

मोठं झाड कुंडातून काढून दूर न्यायचं म्हणजे त्याचा अर्धा श्वास काढून घेण्यासारखं असतं. यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “फागुनात ने. पानं झडली असतात तवा. तूच तर सांगत असतं सगळ्यायले.”

तसंच केलं. फागुनात पिंपळ उघडा झाला, तेव्हा त्याच्या मुळांना नवी माती लावून ओलं पोतं गुंडाळलं, टेम्पोत झोपवलं आणि सुटलेला गाळ पोत्यांत भरला. उत्तरेच्या काठावर लावला. निखिल धावत आला, “काकू, सावली!” मी त्याला काठावर उभं केलं. म्हटलं, आपली सावली बघ कुठे पडते. सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या काठावरच्या झाडाची सावली पाण्याकडे फारशी येत नाही, मागे पडते. पोट्टा म्हणाला, “हे मले माहीत होतं.” म्हटलं, “माहीत होतं रे. घाबरला म्हणून विसरला.”

खांबाचं त्याने मनावर घेतलं. पॅनेलांच्या रांगांमधून होडी जायला गल्ल्या ठेवतात, धुलाईसाठी. पक्षी बसतात, धूळ बसते, धुवावं लागतं. बरोबर मध्यावर दोन गल्ल्या मिळून चौक होत होता. तिथे वेगळा तराफा, त्यात माझ्या रोपवाटिकेचा निळा ड्रम अर्धा कापून, त्यात तरियाचा गाळ आणि दगड, आणि गाळात खांबाचा बुडखा, चारी बाजूंनी तारांनी बांधलेला. खांबाच्या उत्तरेची थोडी पॅनेलं कमी करावी लागत होती. त्यासाठी वरच्या साहेबांना काय सांगायचं? आमच्यासमोरच त्याने फोन लावला आणि हिंदीत म्हणाला, “सर, मध्ये एक खांब पाहिजे. वारा किती आहे ते पाहायला. काठावरून कळत नाही.” साहेब काहीतरी बोलले. निखिल म्हणाला, “हो सर, स्थानिक पद्धतीचा.”

फोन ठेवल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. “खोटं नाई बोललो, काकू,” तो म्हणाला. “खांबावर काही बांधलं तर हलनच ना वाऱ्यानं.”

दाईने त्याला विचारलं, ही वीज जाणार कुठे. तो म्हणाला, सगळीकडे, रायपूरलाही. दाई माझ्याकडे वळली. “मग तुझ्या रायपूरला सांग, कोणाच्या पाण्यावरून येते ते.” सांगते आहे, दाई.

अक्तीला लग्न लागलं. अक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया, त्या दिवशी तिकडे पोरी बाहुला-बाहुलीची लग्नं लावतात, त्यामुळे वस्तीत आधीच गाणी चालू होती. खांब मांडीएवढा जाड, त्याला बांगडी कुठली बसणार. बायांनी लाल-हिरव्या काचेच्या बांगड्या नायलॉनच्या दोरीत ओवल्या आणि सैल वेढे दिले. होडीत दाई, बिसाहू, निखिल आणि मी. थोडी पॅनेलं तोवर पाण्यावर आली होती, काळी, चकचकीत, आणि त्यांत ढग चालले होते. दाई त्यांच्याकडे पाहत म्हणाली, शेतासारखं दिसतं, रोवणी व्हायच्या आधीच्या. तिने दोरीची शेवटची गाठ स्वतः मारली. काठावरच्या बायांनी पिवळे तांदूळ उधळले, ते वाऱ्याने पॅनेलांवर गेले, आणि कुठून कुठून चिमण्या येऊन टिपायला लागल्या.

“गेलं माझं विजेचं जनरेशन,” निखिल म्हणाला. “आज कमी आलं तर लिहितो, हळदीमुळे.”

बिसाहूंनी अक्षता टाकल्या, हात जोडले, सगळं केलं. पण परत येताना कोणाला तरी म्हणाले, “चला, खदानीतून बाहेर निघा.” दाईने ऐकलं.

पिंपळाला त्या दिवशी तांबूस पालवी फुटलेली होती. मी हात लावून पाहिला. जगला होता.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पुढे पॅनेलं सगळी लागली, तेव्हा पाण्यातलं आकाश निम्म्याहून कमी झालं. हिवाळ्यात बदकं यायची ती आता थोडी येतात, काठाकाठाने पोहतात, संकोचल्यासारखी. कमळ त्या खोल पाण्यात लागणार नाही, मी प्रयत्न केला, नाही लागलं. आणि तरी या सोलरसाठी गाव उठवावं लागलं नाही, राख उडत नाही, धूर नाही. कोणतं बरं, हे मला विचारू नका. मी सगळ्यांनाच रोपं विकली आहेत. सगळ्यांचीच वीज माझ्या पंपाला लागली आहे.

गेल्या थंडीत दाई गेली. झोपेत, तिच्या ओसरीवर. आम्ही दोघं दहाव्या दिवशी पोहोचलो. हे म्हणाले, मी काठावर बसतो, तू जा. उत्तरेच्या काठावर पिंपळाखाली वस्तीने दगडी पायऱ्या केल्या होत्या. आंघोळीची गर्दी होती. पॅनेल धुणारी माणसं होडी बांधून बसली होती. मी विचारलं, आज काम नाही का? त्यांतला एक म्हणाला, “दीदी, चूडी बज रही है. हवा तेज है.” मग ऐकू आलं मला. पाण्याच्या मधून, अगदी बारीक, काचेवर काच. निखिलने साहेबांना जे सांगितलं होतं ते आता खरंच तसं चालत होतं. बांगड्या थांबल्याशिवाय कोणी होडी काढत नव्हतं.

शेजारच्या गावचे लोकही आले होते, दाईचं तिकडे नातं होतं. त्यांतली एक म्हातारी पायरीवर अडखळत उभी होती, तिच्या पायांचा चिखल दगडाला लागला होता आणि ती तो हाताने पुसायला बघत होती. बिसाहू छातीभर पाण्यात उभे होते. त्यांनी तिला पाहिलं.

“राहू दे ना,” ते म्हणाले. “आरामात नहा ले, दीदी. हमर तरिया हे.”

मी वर बघितलं. हे पिंपळाला पाठ लावून बसले होते, डोळे मिटून. वारा पडला होता, बांगड्या थांबल्या होत्या, आणि होडीवाले दोर सोडत होते.